अंतराळजहाज मार सोसते ते कशाच्या बळावर?

ओतकाम_उद्यमबाग (धागालेखक)

नमस्कार मंडळी. मी गेली सव्वीस वर्षे बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत आहे आणि ओतलेले नग तपासणे हे माझे काम आहे. लहानपणी अनगोळात शेजाऱ्यांच्या घरी रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' पाहिले, तेव्हा अंतराळजहाजांचा जो नाद लागला तो आजवर सुटलेला नाही. यंदाच्या पावसाळ्यात मुलीबरोबर जुन्या-नव्या मालिका पुन्हा सलग पाहिल्या आणि पाहता पाहता एक प्रश्न मनात घर करून बसला, तो येथे मांडतो.

कोणते जहाज सर्वांत बळकट, असे विचारले की बहुतेक जण त्याच्या तोफा मोजतात किंवा त्याची ढाल, म्हणजे जहाजाभोवतीचे ऊर्जेचे कवच, किती वेळ टिकली ते सांगतात. आमच्या धंद्यात नग किती भाराला तुटला हे लिहून ठेवतातच, पण तो कसा तुटला हे त्याहून बारकाईने पाहतात. ग्रे आयर्नमध्ये ग्राफाइट पापुद्र्यांसारखे पसरलेले असते. पापुद्र्याच्या टोकाशी ताण एकवटतो आणि नग कोणतीही पूर्वसूचना न देता कटकन तुटतो. त्याच रसात थोडे मॅग्नेशियम घातले की ग्राफाइटच्या बारीक गोळ्या बनतात, ताण एका टोकाला साचत नाही आणि तो नग तुटण्याआधी ताणला जातो, वाकतो, म्हणजे माणसाला बाजूला व्हायला वेळ देतो. बाहेरून पाहिले तर दोन्ही नग सारखेच काळे दिसतात.

याच नजरेने 'एंटरप्राइझ'कडे पाहा. १९६६ च्या मूळ मालिकेतील हे जहाज मॅट जेफरीज यांनी आखले. पुढे मोठी तबकडी, तिला जोडणारी बारीक मान, खाली नळकांडे आणि दोन लांब खांबांवर उचललेली दोन इंजिने, अशी त्याची घडण आहे. दिसायला ते अतिशय देखणे आहे, परंतु बाजूने फटका बसला तर सगळा मोड त्या मानेवर आणि खांबांच्या मुळाशी येणार, हे कोणताही फिटर सांगेल. मालिकेतील लोक याला उत्तर देतात ते ढालीचे. ढाल चाळीस टक्के, ढाल वीस टक्के, आणि मग शून्य. पण शून्यानंतर काय?

'स्टार ट्रेक'च्याच 'डीप स्पेस नाइन' या मालिकेत १९९४ साली 'ओडिसी' हे, पुढच्या काळातील 'एंटरप्राइझ-डी'च्याच वर्गातले जहाज जेम'हदार या शत्रूंच्या तीन लहान नौकांपुढे उभे राहते. शत्रूचा मारा ढाल भेदून आत येतो, म्हणून कप्तान ढालीची शक्ती काढून शस्त्रांकडे वळवतो, आणि माघार घेताना एक नौका सरळ येऊन आदळते तेव्हा एवढे मोठे जहाज फुटून जाते. त्याच वर्षीच्या 'जनरेशन्स' चित्रपटात खुद्द 'एंटरप्राइझ-डी' एका जुनाट क्लिंगन नौकेकडून मार खाते, कारण शत्रूला ढालीची कंप्रता कळलेली असते. दोन्ही वेळा सारे बळ ढालीवर सोपवलेले होते आणि ढालीखाली फारसे काही नव्हते.

याउलट त्याच मालिकेतील 'डिफायंट' पाहा. ते बोर्ग या अर्धयांत्रिक शत्रूंशी लढण्यासाठीच आखलेले, बुटके, आटोपशीर जहाज आहे; त्याची इंजिने अंगालगत आहेत आणि ढालीखाली चिलखताचा असा थर आहे, जो मारा झेलताना स्वतः झिजून उष्णता घेऊन जातो. १९९६ च्या चित्रपटात ते बोर्गांच्या घनाकडून जवळजवळ मोडते, तरी दुरुस्त होण्याजोगे उरते. माझे मत 'डिफायंट'च्या बाजूने आहे. आपणा सर्वांचे विचार वाचायला आवडतील. फक्त हे जहाज कसे मोडते यावर बोलावे, कोण जिंकले यावर नको.


खानापूर_कौलारू

दादा, आपला प्रश्न आवडला, पण जेफरीज यांच्यावर थोडा अन्याय झाला आहे असे वाटते.

इंजिने लांब खांबांवर ठेवली ती शोभेसाठी नव्हेत. एवढी प्रचंड शक्ती निर्माण करणारी वस्तू माणसांच्या वस्तीपासून दूर असावी, हा त्यामागचा विचार होता. आमच्या खानापुरात कौलांचे कारखाने होते तेव्हा भट्टी राहत्या घराला लागून कोणी बांधत नसे, ती याच कारणाने. जेफरीज दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांवर होते आणि पुढेही विमानांचे शौकीन राहिले. यंत्र बिघडल्यावर माणसाचा हात तेथवर पोहोचला पाहिजे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. म्हणूनच जहाजाची कातडी गुळगुळीत ठेवून दुरुस्तीची सगळी वाट त्यांनी आतून दिली. ज्या अरुंद बोगद्यांतून अभियंते सरपटत जातात त्यांना पुढे 'जेफरीज ट्यूब' हेच नाव पडले. त्या जहाजाची सुमारे ३.४ मीटर लांबीची मूळ प्रतिकृती अमेरिकेच्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयात आहे, तिची छायाचित्रे या दृष्टीने अवश्य पाहावीत.

आता 'जनरेशन्स'विषयी. आपण म्हणता ते खरे, यंत्रकक्ष फुटला. परंतु त्याआधी तबकडी वेगळी काढली गेली, ती ग्रहावर घसरत उतरली आणि तीत जमलेली बहुतेक माणसे वाचली. 'द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेच्या १९८७ च्या पहिल्याच भागात अँड्र्यू प्रोबर्ट यांच्या या आराखड्याची ती सोय दाखवलेली आहे. एक हजाराहून अधिक माणसे, त्यांत कुटुंबे आणि लहान मुले, घेऊन जाणाऱ्या जहाजाला कोणत्या जागी तुटायचे हे आधीच ठरवून दिलेले असणे, हा माझ्या मते टिकाऊपणाच आहे. आपल्याच भाषेत बोलायचे तर तो वाकणारा नग आहे.


ओतकाम_उद्यमबाग (धागालेखक)

खानापूरकर, हे मला सुचले नव्हते. यंत्राला मोठा झटका बसला तर शाफ्ट वाचावा म्हणून मुद्दाम कमजोर शिअर पिन घालतात. तबकडी वेगळी होणे हा त्याच जातीचा विचार आहे. 'एंटरप्राइझ-डी'बद्दलचे माझे मत मी मागे घेतो. 'ओडिसी'च्या वेळी ती सोय का वापरली नाही, हा प्रश्न मात्र उरतो. मुलकी माणसांना आधीच स्थानकावर उतरवले होते, म्हणजे धोक्याची जाणीव होती.


निपाणीची_वाचक

या चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे, ती म्हणजे जखम दुसऱ्या दिवशीही दिसते का.

'व्हॉयेजर' ही 'स्टार ट्रेक'चीच मालिका १९९५ ला सुरू झाली. जहाज घरापासून ७०,००० हून अधिक प्रकाशवर्षे दूर फेकले जाते, वाटेत गोदी नाही, सुटे भाग नाहीत, माणसे दीडशेच्या आसपास. आठवड्याच्या शेवटी ज्या भिंती कोसळत, त्या पुढच्या आठवड्यात नव्यासारख्या चकचकीत दिसत. १९९७ साली 'इयर ऑफ हेल' या दोन भागांत जहाज थोडे थोडे करून खचताना दाखवले, तेव्हा मी श्वास रोखून पाहिले होते. आणि अखेरीस काळच मागे फिरवून सगळे पुसून टाकले, तेव्हा मला खरोखर वाईट वाटले. जहाजाने सोसले त्याची नोंदच राहिली नाही.

रोनाल्ड मूर हे 'द नेक्स्ट जनरेशन' आणि 'डीप स्पेस नाइन'चे लेखक. 'व्हॉयेजर'वर ते थोडाच काळ होते. त्यांनी २००३ साली 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' नव्याने उभी केली तेव्हा ही उणीव मुळापासून काढली. 'गॅलॅक्टिका' हे निवृत्त करून संग्रहालय बनवायला काढलेले जुने जहाज आहे. त्याला ऊर्जेची ढाल नाही. ते वाचते ते त्यातील संगणक एकमेकांना जोडलेले नसल्यामुळे, कारण नव्या जहाजांत शत्रू त्याच जोडणीतून शिरून सगळी यंत्रणा बंद पाडतो.

त्यातील एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. अणुबॉम्बचा आघात होतो, डाव्या बाजूला आग लागते, ती इंधनापर्यंत पोहोचण्याच्या बेतात असते. तेव्हा कर्नल टाय दारे बंद करून त्या भागातील हवा बाहेर सोडण्याचा हुकूम देतो. आत अडकलेली ८५ माणसे जातात आणि जहाज वाचते. टायरल हा यंत्रप्रमुख आणखी थोडा वेळ मागत असतो, तो त्याला मिळत नाही. टिकाऊपणाचा हिशोब करताना 'जहाज वाचले' असे आपण सहज लिहितो. त्या वाक्यात ती ८५ माणसे मावत नाहीत. म्हणून दादा, आपल्या प्रश्नात मी एवढी भर घालते की जहाज कसे मोडते याबरोबरच ते कोणाच्या जिवावर टिकते हेही पाहावे.


हत्तरगी_मशीनिंग

ताईंनी 'गॅलॅक्टिका'चा विषय काढलाच आहे, म्हणून लिहितो. मी हत्तरगीच्या औद्योगिक वसाहतीत विमानांच्या सुट्या भागांच्या तपासणीवर आहे, आणि शेवटच्या पर्वात टायरलला सांगाड्यात केसासारख्या भेगा सापडतात तो भाग मी तीन वेळा पाहिला आहे.

त्या भेगा एका आघाताच्या नाहीत. २००६ च्या पर्वात हे जहाज न्यू कॅप्रिका या ग्रहाच्या वातावरणात थेट उडी घेऊन (म्हणजे एका क्षणात दुसरीकडून येऊन) प्रकटते, दगडासारखे खाली येते, लढाऊ विमाने सोडते आणि जमिनीजवळून पुन्हा उडी घेते. पडद्यावर पाहिलेला तो माझा सर्वांत आवडता युद्धप्रसंग आहे, पण तपासनीसाच्या नजरेने पाहिले तर त्या दिवशी सांगाड्यावर जो भार आला त्यासाठी तो बांधलेलाच नव्हता. त्याआधीच्या आणि नंतरच्या शेकडो उड्या, प्रत्येक उडीचा ताण थोडा, आणि तो पुन्हा पुन्हा. आम्ही याला 'फटीग' म्हणतो. १९५४ साली 'कॉमेट' ही ब्रिटिश जेट प्रवासी विमाने आकाशात फुटली ती याच कारणाने. दर उड्डाणाला हवेचा दाब चढत-उतरत होता आणि कापलेल्या झरोक्यांच्या कोपऱ्यांपाशी भेगा वाढत होत्या. अख्खे विमान पाण्याच्या टाकीत ठेवून दाब चढवला-उतरवला तेव्हा ते सिद्ध झाले.

त्यातून पुढे जो विचार रुजला तो असा की भेग पडणारच, हे गृहीत धरावे आणि एक पट्टी गेली तर शेजारच्या पट्टीने भार उचलावा अशी रचना करावी. १९८८ साली हवाई बेटांवर एका बोइंग ७३७ विमानाच्या छताचा सुमारे साडेपाच मीटरचा भाग उड्डाणात उडून गेला. त्या विमानाची ८९,६८० उड्डाणे झाली होती आणि भेगा वेळेत सापडल्या नव्हत्या. एक हवाई सेविका दगावली, तरीही उरलेल्या सांगाड्याने विमान धावपट्टीवर आणले. मालिकांच्या लेखकांनी हे एक छायाचित्र जरी पाहिले तरी 'ढाल शून्य, म्हणजे स्फोट' असे लिहिणे त्यांना जड जाईल.


वडगाव_नौसैनिक

मी नौदलात यंत्रविभागात वीस वर्षे काढून आता वडगावात स्थायिक झालो आहे. सर्वांचे लेखन वाचून आनंद झाला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

युद्धनौका टिकते ती तीन गोष्टींवर: कप्पे, दुहेरी सोय आणि हाताखालची माणसे. लढाईची घंटा झाली की पाणबंद दारे बंद होतात आणि आग विझवणारी, पाणी उपसणारी, फाटलेल्या पत्र्याला लाकडी खुंट्या व टेकू देणारी पथके आपापल्या जागी जातात. तोफा हे त्यानंतरचे काम. १९४२ साली अमेरिकेची 'यॉर्कटाउन' ही विमानवाहू नौका कोरल समुद्रात जखमी झाली, तेव्हा दुरुस्तीला तीन महिने लागतील असा अंदाज होता. पर्ल हार्बरच्या गोदीने तिला तीन दिवसांत बाहेर काढले. मिडवेच्या लढाईत तिच्यावर पुन्हा बॉम्ब पडले, पथकांनी आग विझवून तिला चालती केली, आणि दुसऱ्या फळीतील जपानी वैमानिकांना ती वेगळीच, न दुखावलेली नौका वाटली. ती अखेर बुडाली, पण शत्रूला तिला दोनदा मारावे लागले.

या दृष्टीने 'स्टार ट्रेक'मधील काही गोष्टी मला खटकतात. मुख्य कक्ष जहाजाच्या माथ्यावर उघडा का? कोसभर दूर आघात झाला की कप्तानासमोरचे फलक ठिणग्या उडवत का फुटतात? साध्या घरात फ्यूज असतो. खुर्च्यांना पट्टे का नाहीत?

या बाबतीत 'द एक्स्पान्स' ही मालिका मला सर्वांत प्रामाणिक वाटते. त्यातील 'रॉसिनान्टे' या मंगळाच्या नौकेचे मजले इमारतीसारखे एकावर एक आहेत, कारण इंजिन खालून ढकलते आणि तोच ढकला पायाखाली वजन देतो. लढाई येणार असे दिसले की माणसे पोशाख चढवतात, खुर्च्यांना बांधून घेतात आणि जहाजातील हवा काढून घेतात. हवाच नसेल तर भोक पडले तरी स्फोटासारखा झोत उठत नाही आणि आग पसरत नाही. आमच्या प्रशिक्षणात शिकवले जाई त्याचीच ही पुढची पायरी आहे.

खऱ्या अंतराळातही हे एकदा घडले आहे. २५ जून १९९७ रोजी 'प्रोग्रेस' हे मालवाहू यान 'मीर' स्थानकाच्या 'स्पेक्त्र' कक्षावर आदळले आणि हवा गळू लागली. कक्षाचे दार लावायचे, तर दारातून केबली गेलेल्या होत्या. त्या सोडवून आणि कापून मगच झाकण बसवता आले. त्या कक्षाच्या सौरपंखांतून येणारी वीज गेली, पण तिघेही वाचले. दारातून केबल नेऊ नये, हा धडा आमचे जुने बोट्स्वेन, म्हणजे डेकवरचे मुकादम, रोज देत असत.


टिळकवाडी_अभियांत्रिकी

काका, मी यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एक शंका आहे. चिलखत जाड असावे की पातळ?

हिशोब केला तर असे येते की सेकंदाला ८ किलोमीटर वेगाने आलेल्या एक किलो वस्तूत ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे सात किलोहून अधिक टीएनटीइतकी. एवढ्या वेगाला जाड पत्रा ठेवून उपयोग नाही. म्हणून फ्रेड व्हिपल यांनी १९४० च्या दशकात सुचवले की मुख्य भिंतीपासून थोड्या अंतरावर एक पातळ पत्रा ठेवावा. कण त्यावर आदळून स्वतःच फुटतो, त्याचा फवारा मोकळ्या जागेत पसरतो आणि आतल्या भिंतीवर येईपर्यंत जोर विखुरलेला असतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे रक्षण याच तत्त्वाने होते. तसे असेल तर 'डिफायंट'चे अंगालगतचे चिलखत चुकीचे नाही का? आणि 'द एक्स्पान्स'च्या पहिल्या पर्वातील चौथ्या भागात रेलगनचा, म्हणजे विजेच्या बळाने गोळा फेकणाऱ्या तोफेचा, गोळा 'डॉनेजर' या युद्धनौकेच्या खोलीतून आरपार जातो, एका माणसाचा जीव घेतो आणि दोन भोके ठेवून निघून जातो. तेथे चिलखत नसणेच बरे ठरले असे म्हणता येईल का?


वडगाव_नौसैनिक

बाळ, प्रश्न अचूक आहे आणि नौदलांनी तो शंभर वर्षांपूर्वी विचारला आहे. १९१६ साली दाखल झालेल्या 'नेवाडा' या अमेरिकी युद्धनौकेवर असे ठरवले की दारूकोठार, यंत्रे आणि हुकूम देण्याची जागा यांना जितके जाड देता येईल तितके चिलखत द्यायचे, आणि बाकी ठिकाणी जवळजवळ काहीच द्यायचे नाही. अर्धवट जाड पत्रा गोळा थांबवत नाही, उलट त्याचा स्फोटक मात्र पेटवतो. १९४४ च्या समारच्या लढाईत जपानी चिलखतभेदी गोळे लहान विमानवाहू नौकांच्या पातळ अंगातून न फुटताच आरपार गेले. आणि 'नेवाडा'चे म्हणाल, तर पर्ल हार्बरला टॉर्पेडो व बॉम्ब खाऊन ती किनाऱ्याला रुतवावी लागली, दुरुस्त होऊन १९४४ साली नॉर्मंडीला तिने तोफा डागल्या, १९४६ च्या बिकिनी बेटावरील दोन्ही अणुचाचण्यांनंतरही ती तरंगत होती, आणि शेवटी १९४८ साली आपल्याच नौदलाला तिला बुडवावे लागले.

म्हणून 'डॉनेजर'च्या त्या खोलीत चिलखत नव्हते हे योग्यच. अणुभट्टीभोवती किती होते, हा खरा प्रश्न.


शहापूर_नाट्यप्रेमी

तंत्रातले मला फारसे कळत नाही, परंतु रंगभूमीवर काम केले आहे म्हणून एक मुद्दा मांडतो. 'ढाल चाळीस टक्के' हे वाक्य अभियंत्यासाठी लिहिलेले नाही. चार भिंतींच्या नेपथ्यात, बाहेरचे काहीही न दाखवता, संकट जवळ येत आहे हे प्रेक्षकाला कळवण्याचे ते साधन आहे. १९६६ च्या मालिकेत प्रत्येक ग्रहावर जहाज उतरवून दाखवण्याचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून माणसे किरणांतून खाली पाठवण्याची कल्पना आली. तेथे जहाजाला पडलेली भोके आठवडोआठवडे सांभाळणे कसे शक्य होते? फलकातून उडणारी ठिणगी हे त्याच काटकसरीतून आलेले अतिशय परिणामकारक साधन आहे. मला ते आजही आवडते, आणि त्याची बाजू कोणीतरी घ्यावी म्हणून हे लिहिले.


ओतकाम_उद्यमबाग (धागालेखक)

सर्वांचे मनापासून आभार. शहापूरकरांचा मुद्दा मला मान्य आहे. ठिणगीशिवाय मीही लहानपणी खुर्चीच्या टोकावर बसलो नसतो.

'डिफायंट'विषयी मात्र मला फेरविचार करावा लागत आहे. १९९९ साली ब्रीन शत्रूचे शस्त्र तिची सगळी वीजच घालवते आणि चिलखत जागच्या जागी असूनही जहाज निकामी होते. नौसैनिक काकांनी सांगितलेली दुहेरी सोय तेथे नव्हती. हाताने फिरवण्याचे चाक, हाताने लावण्याचे दार, वेगळा बॅटरीसंच, यांपैकी काही असल्याचे त्या प्रसंगात दिसत नाही. 'गॅलॅक्टिका'वर तारेचे फोन आहेत आणि कागदी नकाशे आहेत.

हत्तरगीच्या मित्रांनी भेगांचे लिहिले ते वाचून काल रात्री मुलीला घेऊन तो भाग पुन्हा लावला. ओतीव लोखंडाला भेग गेली तर आम्ही प्रथम तिच्या दोन्ही टोकांना ड्रिलने गोल भोक पाडतो. टोक बोथट झाले की ताण पसरतो आणि भेग पुढे सरकत नाही. त्यानंतर भेगेवर आडवे धातूचे टाके घालतो, कारण ग्रे आयर्नला सरळ वेल्डिंग केले तर बाजूला नवी भेग जाते. टायरल मात्र सायलॉन या शत्रूंचे सेंद्रिय द्रव्य भेगांत भरतो, जे सांगाड्यात मुरून वाढत जाते. सुरुवातीला जहाजाचा प्रमुख ॲडमिरल अडामा ते जहाजाला लावू देत नाही. आपल्या जहाजात शत्रूचे रक्त भरण्यासारखे ते त्याला वाटत असावे, आणि त्याची ती घालमेल मला समजते. मुलीने मात्र लगेच विचारले, "बाबा, त्यांनी आधी टोकाला भोक का पाडले नाही?" मला उत्तर देता आले नाही.

मग आम्ही शेवटचा भागही पाहिला. शेवटची उडी झाल्यावर जहाजाचा कणा मोडतो, बाहेरचे पत्रे उसवतात, सबंध सांगाडा पिळवटल्यासारखा वाकतो आणि टाय सांगतो की आता ते पुन्हा उडी घेऊ शकणार नाही. पण ते फुटत नाही. आत हवा राहते, दिवे राहतात, आणि सगळी माणसे खाली उतरून जाईपर्यंत ते तसेच वाकलेले उभे राहते. मुलीने चित्र तेथे थांबवले आणि आम्ही दोघे बराच वेळ त्या कण्याकडे पाहत बसलो.